इंग्रजी कर्मणी वाक्यातील शब्दयोगी अव्यये व सर्वनामे

वरिष्ठ प्राथमिक वर्गांस इंग्रजी शिकविताना जे भाग शिक्षकांस विशेष अवघड वाटतात, त्यांत कर्मणी रचनेचा, म्हणजे इंग्रजीत ज्यास 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणतात तिचा, क्रमांक बराच वरचा आहे. नियम पाठ होतात, क्रियापदाची रूपेही पाठ होतात. तरी वाक्य लिहिताना विद्यार्थी अडखळतो. त्याच्या वह्या बारकाईने तपासल्या असता असे दिसते की, तो क्रियापदावर फारसा चुकत नाही. तो चुकतो क्रियापदाच्या मागेपुढे येणाऱ्या दोन लहान शब्दांवर : एक सर्वनाम व दुसरे शब्दयोगी अव्यय, म्हणजे 'प्रिपोझिशन'. या दोहोंचा कर्मणी क्रियापदाशी मेळ कसा बसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. इंग्रजी वाक्ये येथे उच्चाराप्रमाणे नागरी लिपीत दिली आहेत; फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

या विषयाकडे माझे लक्ष कसे गेले, ते आरंभीच सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका खेड्यातील शाळेत सातवीस इंग्रजी शिकवीत असे. 'दे लाफ्ट ॲट हिम' हे वाक्य मी कर्मणीत बदलावयास दिले होते. एका मुलीने लिहिले, 'ही वॉज लाफ्ट ॲट बाय देम'. 'ॲट' आणि 'बाय' असे दोन शब्द शेजारी शेजारी पाहून मला ती चूक वाटली. मी तांबड्या शाईने 'ॲट' खोडला आणि गुण कापला. मुलीने काही विचारले नाही. मात्र पुढच्या सर्व वाक्यांत तिने असे अव्यय गाळावयास प्रारंभ केला. वर्ष संपल्यावर एका प्रशिक्षण वर्गात मला कळले की, तिचे वाक्य अचूक होते आणि चूक माझी होती. तोवर ती मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत गेली होती. अशी चूक अन्य कोणाच्या हातून होऊ नये, हाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या जिल्ह्यात इंग्रजीविषयी जो संकोच आढळतो, त्यास इतिहासही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे उच्च शिक्षणाचे प्रमुख माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापन उर्दूतून चाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, शाळा वाढल्या. परंतु इंग्रजी पाचवीपासूनच शिकविले जाई. इ. स. २००० पासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झाले. पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविलेल्या पिढीवर पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याची जबाबदारी आली. राज्य आंग्लभाषा संस्था याच शहरात असल्याने आपल्यापैकी अनेकांनी तेथे प्रशिक्षण घेतले आहे. तथापि मराठी मातृभाषेमुळे होणाऱ्या चुकांची कारणे आपली आपणच शोधली पाहिजेत.

१. दोन कर्मणी एक नव्हेत

'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य आपण मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोगाचे म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच आहे. 'रामाने पोळी खाल्ली' असे म्हणताच क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. परंतु लगेच पुढच्या तासाला इंग्रजीत कर्मणी शिकविले की, विद्यार्थी या वाक्याचे भाषांतर 'अ मँगो वॉज ईटन बाय राम' असे करू लागतो. वस्तुतः त्याचे साधे भाषांतर 'राम एट अ मँगो' हे आहे, आणि ते इंग्रजीत कर्तरी आहे.

घोटाळ्याचे मूळ नावात आहे. मराठीतील प्रयोग हा क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, यावरून ठरतो. इंग्रजीतील 'व्हॉइस' हा कर्त्याच्या जागी वाक्यात कोण बसले आहे, यावरून ठरतो. इंग्रजी कर्मणीच्या जवळ जाणारी आपली रचना म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' ही होय. आपली शालेय व्याकरणे तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, आणि ती इंग्रजीच्या परिणामाने रूढ झाल्याचे सांगतात. शिक्षकाने तुलना करावयाची ती या रचनेशी करावी.

मग ही रचना वापरावयाची केव्हा? आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. मलिक अंबरने १६१० साली खडकी हे नगर वसविले. पुढे तेच औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले. मलिक अंबरविषयी बोलणे चालू असेल, तर 'मलिक अंबर फाउंडेड खडकी' असे म्हणावे. नगराविषयी बोलणे चालू असेल, तर 'खडकी वॉज फाउंडेड बाय मलिक अंबर' असे म्हणावे. दोन्ही वाक्यांतील घटना एकच; बोलण्याचा विषय मात्र निराळा. हे कारण कळले म्हणजे वाक्यबदल हा निव्वळ शब्दांची अदलाबदल करण्याचा खेळ राहत नाही.

२. सर्वनामाच्या दोन जागा

इंग्रजी सर्वनामास दोन रूपे असतात. कर्त्याच्या जागी 'आय, ही, शी, वुई, दे'. क्रियापदाचे कर्म म्हणून किंवा अव्ययानंतर 'मी, हिम, हर, अस, देम'. 'यू' आणि 'इट' यांचे रूप बदलत नाही. कर्मणी वाक्यात दोन्ही सर्वनामे जागा बदलतात, म्हणून दोहोंची रूपेही बदलतात. 'शी कॉल्ड हिम' याचे 'ही वॉज कॉल्ड बाय हर' असे होते.

येथे विद्यार्थी दोन्ही टोकांस चुकतो. वाक्याच्या प्रारंभी तो 'हिम वॉज कॉल्ड' असे लिहितो, कारण त्याच्या मनात 'त्याला बोलावण्यात आले' हे मराठी वाक्य असते. मराठीत 'त्याला' हे रूप कायम राहते. इंग्रजीत मात्र त्या व्यक्तीस कर्त्याची जागा मिळाल्याबरोबर रूप 'ही' असेच हवे. वाक्याच्या शेवटी तो 'बाय आय' असे लिहितो. यालाही मराठीचा आधार आहे. 'त्याने आंबा खाल्ला', 'रामाने आंबा खाल्ला' असे आपण म्हणतो. पण 'मी आंबा खाल्ला' यात 'मी' ला कोणताही प्रत्यय दिसत नाही. तृतीया असूनही रूप तसेच. त्यामुळे 'आय' हे रूपही न बदलता शेवटी ठेवून द्यावे, असे मुलास वाटणे स्वाभाविक आहे.

यात आणखी एक मौज आहे. इंग्रजी 'मी' आणि मराठी 'मी' यांचा उच्चार एक, अर्थ मात्र उलट! इंग्रजी 'मी' म्हणजे आपले 'मला'. ही गोष्ट वर्गात हसत हसत सांगितली, तर ती मुलांच्या कायम स्मरणात राहते.

जेथे दोन कर्मे असतात, तेथे कर्मणी वाक्य दोन प्रकारे होते. 'शी गेव्ह मी अ बुक' याचे 'आय वॉज गिव्हन अ बुक बाय हर' असे होते, तसेच 'अ बुक वॉज गिव्हन टू मी बाय हर' असेही होते. दुसऱ्या वाक्यात 'टू' आले आहे, हे लक्षात ठेवावे. 'मला' मधील 'ला' चे काम येथे 'टू' करते. काही क्रियापदांना मात्र पहिला प्रकार चालत नाही. 'आम्हांस नियम समजावून सांगण्यात आला' याचे इंग्रजी 'द रूल वॉज एक्स्प्लेन्ड टू अस' असेच करावे. 'वुई वेअर एक्स्प्लेन्ड द रूल' असे शिष्ट इंग्रजीत म्हणत नाहीत.

प्रश्नार्थक सर्वनामाचा नियम हाच आहे. 'हू फाउंडेड खडकी?' याचे कर्मणी 'बाय हूम वॉज खडकी फाउंडेड?' असे होईल. बोलण्यात 'हू वॉज खडकी फाउंडेड बाय?' असेही म्हणतात. येथे 'बाय' शेवटी राहतो, परंतु गळत नाही. तो गाळणे ही चूक होय.

३. 'ने' एक, अव्यये अनेक

मराठीतील 'ने' हा प्रत्यय फार कामाचा आहे. 'रामाने चाकूने आंबा कापला' या वाक्यात तो दोनदा आला आहे. एकदा करणाऱ्यास आणि एकदा साधनास. इंग्रजी हे दोघे निराळे मानते. करणाऱ्यापूर्वी 'बाय' आणि साधनापूर्वी 'विथ' : 'द मँगो वॉज कट बाय राम विथ अ नाइफ'. म्हणून विद्यार्थ्यास प्रथम एक प्रश्न विचारावा, 'येथे हात कोणाचा आणि हत्यार कोणते?' हाताला 'बाय', हत्याराला 'विथ'.

'घागर पाण्याने भरली आहे' यातील पाणी काही करीत नाही. ते केवळ घागरीत आहे. म्हणून 'फिल्ड विथ वॉटर'. 'रस्ता धुळीने माखला आहे' यासही 'कव्हर्ड विथ डस्ट'. वस्तू कशाची बनली, हे सांगताना तर मराठीच आपणांस वाट दाखविते. आपण 'दगडाची पाटी' म्हणतो, पण 'उसापासून गूळ' म्हणतो. पाटीत दगड दिसतो. गुळात ऊस दिसत नाही. इंग्रजीतही सामान्यतः हाच भेद आहे. पहिल्यास 'मेड ऑफ स्टोन', दुसऱ्यास 'मेड फ्रॉम शुगरकेन'. वेरूळचे कैलास लेणे डोंगराचा खडक वरून खाली कोरून काढलेले आहे. त्यास 'कट आउट ऑफ रॉक' असे म्हणतात, कारण ते खडकातून बाहेर काढले.

मनाची स्थिती किंवा ज्ञान दाखविणारी काही कर्मणी रूपे विशेषणासारखी झाली आहेत, आणि त्यांची अव्यये ठरलेली आहेत. 'नोन टू मी' (मला ठाऊक), 'प्लीज्ड विथ हर' (तिच्यावर प्रसन्न), 'इंटरेस्टेड इन इट' (त्यात रस असलेला), 'सरप्राइज्ड ॲट इट' (त्याचे आश्चर्य वाटलेला) ही त्यांपैकी नित्य लागणारी होत. 'सरप्राइज्ड' पुढे 'बाय' देखील चालते. तेव्हा विद्यार्थ्याने तसे लिहिल्यास खोडू नये. अव्यय कोणतेही असो, त्यानंतर येणारे सर्वनाम दुसऱ्या रूपातच राहील, हे वरील उदाहरणांवरून दिसेल.

'बाय' हा शब्दही एकाच कामास बांधलेला नाही. 'बाय बस' म्हणजे बसने, 'बाय मंडे' म्हणजे सोमवारपर्यंत, 'बाय द वेल' म्हणजे विहिरीजवळ. मूळ अर्थ 'जवळ' हाच होता. जुन्या इंग्रजीत करणारा दाखविण्यास इतर अव्यये वापरीत, आणि मध्ययुगानंतरही बराच काळ 'ऑफ' चालत असे. 'बिलव्हेड ऑफ' यासारख्या जुन्या वळणाच्या शब्दप्रयोगांत ते अजून आढळते. तात्पर्य, अव्ययांची ही व्यवस्था वहिवाटीने आलेली आहे. ती वाक्यासहित, सरावाने शिकवावी.

४. क्रियापदास चिकटलेले अव्यय

आता ज्या ठिकाणी माझी चूक झाली, त्या भागाकडे वळू. 'लाफ ॲट' (हसणे, थट्टा करणे), 'लुक आफ्टर' (सांभाळणे), 'लिसन टू' (ऐकणे), 'सेंड फॉर' (बोलावणे पाठविणे), 'टेक केअर ऑफ' (काळजी घेणे) ही दोन किंवा अधिक शब्दांची क्रियापदे आहेत. त्यांतील अव्यय क्रियापदाचाच भाग असतो. कर्मणीत कर्म उचलून पुढे नेले, तरी अव्यय आपल्या क्रियापदाजवळच राहते :

दे लाफ्ट ॲट हिम – ही वॉज लाफ्ट ॲट बाय देम.
शी लुक्ट आफ्टर द बेबी – द बेबी वॉज लुक्ट आफ्टर बाय हर.
वुई लिसन्ड टू देम – दे वेअर लिसन्ड टू बाय अस.
ही सेंट फॉर द डॉक्टर – द डॉक्टर वॉज सेंट फॉर.

दोन अव्यये लागोपाठ आली, म्हणून बिचकण्याचे कारण नाही. पहिले क्रियापदाचे, दुसरे करणाऱ्याचे. पहिले गाळले, तर अर्थच बदलतो किंवा नाहीसा होतो. 'लुक्ट आफ्टर' म्हणजे सांभाळले. नुसते 'लुक्ट' ठेवले, तर सांभाळणे कोठेच उरत नाही.

मराठीत अव्यय नामाला चिकटून येते. 'त्याच्याकडे', 'तिच्यासाठी' असे आपण म्हणतो. नाम गेले की अव्ययही जाते. इंग्रजीत नाम पुढे निघून जाते आणि अव्यय मागे एकटे उभे राहते, हे मराठी मुलास चमत्कारिक वाटणारच. फ्रेंच व जर्मन मुलांनाही ते तसेच वाटते, कारण त्यांच्या भाषांत ही रचना नाही. खुद्द इंग्रजीतही ती मध्ययुगात रूढ झाली. तेव्हा ही चूक बुद्धीच्या मांद्याने होते, असे शिक्षकाने कदापि समजू नये.

मात्र क्रियापदामागे अव्यय दिसले, की कर्मणी होतेच असेही नाही. 'शी वेंट टू पैठण' यात 'टू' केवळ दिशा दाखविते. 'गो' आणि 'टू' मिळून नवा अर्थ होत नाही. म्हणून 'पैठण वॉज गॉन टू बाय हर' असे कोणी म्हणत नाही. क्रियापद आणि अव्यय मिळून मराठीत एकच क्रियापद मिळते काय, हे पाहावे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, मिळते. तेथे बहुधा कर्मणी होते.

५. जेथे कर्मणी होत नाही

ज्या क्रियापदास कर्मच नाही, त्याचे कर्मणी होऊ शकत नाही. तरीही 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' आणि 'ही वॉज डाइड' ही वाक्ये वह्यांतून वारंवार भेटतात. 'अपघात झाला' यातील 'झाला' चे 'वॉज' केले जाते आणि त्यापुढे क्रियापद ठेवले जाते. 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड', 'ही डाइड' एवढेच पुरे. तसेच 'हॅव' (जवळ असणे), 'बिलाँग' (मालकीचे असणे), 'रिझेंबल' (सारखे दिसणे) यांचेही कर्मणी करावयास देऊ नये.

६. करणारा केव्हा सांगावा

कर्मणी वाक्यात 'बाय' असलेच पाहिजे, असा एक समज आहे. तो खरा नाही. इंग्रजीत पुष्कळदा करणाऱ्याचा उल्लेख नसतोच, कारण तो ठाऊक नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा सर्वांस माहीत असतो. 'अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट करण्यात आली' या वाक्यात कोणी केली, हे सांगण्याची गरज नसते. याउलट १८१९ साली अजिंठ्याची लेणी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, हे सांगताना त्याचे नाव हेच महत्त्वाचे असते. तेथे 'बाय' हवे.

आपणां शिक्षकांस अशा वाक्यांची सवय आहेच. 'कळविण्यात येते की', 'सूचना देण्यात येत आहेत' ही परिपत्रकांची भाषा करणाऱ्यावाचूनच चालते! परंतु जेथे जबाबदारी निश्चित करावयाची असते, तेथे करणाऱ्यास लपविणे बरे नव्हे. 'मुलास शाळेत दाखल करण्यात आले नाही' एवढे लिहून भागत नाही. कोणी केले नाही, हे शोधावे लागते. मोठ्या मुलांस ही दृष्टी व्याकरणाच्या निमित्ताने देता येईल.

७. वर्गात काय करावे

केवळ 'वाक्ये बदला' असा स्वाध्याय देण्यापूर्वी पुढील क्रम ठेवावा, असे माझ्या अनुभवावरून सुचवितो.

प्रथम घरातील वस्तूंची वेष्टने मुलांस आणावयास सांगावी. त्यांवर 'मॅन्युफॅक्चर्ड बाय', 'पॅक्ड इन', 'मेड फ्रॉम' असे शब्द छापलेले असतात. औषधाच्या वेष्टनावर 'ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन' असते. म्हणजे वैद्याने सांगितल्याप्रमाणे. घरात हे वाचू शकणारे ते मूल एकटेच असण्याचा संभव आहे. 'बाय' म्हणजे कोणी, 'विथ' म्हणजे कशासह, 'फ्रॉम' म्हणजे कशापासून, हे त्यास नीट कळले, तर त्याचा उपयोग परीक्षेपुरता राहत नाही.

दुसरे, सर्वनामांचा सराव कृतीने घ्यावा. एका मुलाने खडू उचलावा; दुसऱ्याने सांगावे, 'द चॉक वॉज पिक्ट अप बाय हिम'. मुलगी असेल तर 'बाय हर', दोघे असतील तर 'बाय देम', स्वतः असेल तर 'बाय मी'. दहा मिनिटांत सर्व रूपे जिभेवर बसतात.

तिसरे, दोन शब्दांची क्रियापदे वहीच्या शेवटच्या पानावर एकत्र लिहून घ्यावी. 'लाफ' असे न लिहिता 'लाफ ॲट' असेच लिहावे. शब्द जसा शिकला जातो, तसाच तो वाक्यात येतो.

चौथे, प्रत्येक वाक्य तपासताना विद्यार्थ्यानेच चार प्रश्न विचारावे : पुढे आलेले सर्वनाम पहिल्या रूपात आहे काय? मूळ वाक्यातील अव्यय जागेवर आहे काय? शेवटी आलेला तो हात आहे, की हत्यार? अव्ययानंतरचे सर्वनाम दुसऱ्या रूपात आहे काय?

शेवटची सूचना आपणां सर्वांस, आणि प्रथम मला स्वतःस. विद्यार्थ्याने लिहिलेले एखादे वाक्य आपणांस चमत्कारिक वाटले, तर लगेच शाई लावू नये. 'तू हे असे का लिहिलेस?' असे त्यास विचारावे, कोश पाहावा, सहकाऱ्यास विचारावे आणि मग निर्णय द्यावा. शंका असेल, तर पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी बोलावे. शिक्षकाने 'पाहून सांगतो' असे म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही. न पाहता खोडलेला बरोबर शब्द मात्र ते मूल पुढे कितीतरी वर्षे चूक समजून टाळीत राहते.